नव्या रक्तवाहिन्या उगवेपर्यंत अण्णांनी थांबावं का?

पत्राचा सारांश: पत्र लिहिणाऱ्या ताई सदतीस वर्षांच्या, पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी राहतात. वडील म्हणजे अण्णा ६४ वर्षांचे, साखर कारखान्यातून निवृत्त, बरीच वर्षं मधुमेह. जिना चढताना छातीत दाटून यायला लागलं म्हणून अँजिओग्राफी केली. रिपोर्टात 'लेफ्ट मेन ६० टक्के, ट्रिपल व्हेसल डिसीज' (म्हणजे तिन्ही धमन्यांत रोग) असं आलं. हृदयाचं पंपिंग ५० टक्के. डॉक्टरांनी बायपास सांगितली. अण्णांचे थोरले भाऊ पंचवीसेक वर्षांपूर्वी बायपासनंतर आठवड्याभरात गेले, त्यामुळे 'मी छाती फाडून घेणार नाही' यावर अण्णा ठाम आहेत. आजोबाही पन्नाशीत झोपेतच गेले होते. पुण्यात आयटीत असलेल्या, ताईंच्या धाकट्या भावाचं म्हणणं असं, की जीन थेरपीने हृदयात नव्या रक्तवाहिन्या उगवतात, दोन-तीन वर्षांत ती येईल, तोवर गोळ्यांवर काढू. शिवाय एका मोठ्या अभ्यासात गोळ्या आणि ऑपरेशन सारखेच ठरलेत. मध्येच एका एजंटाचा फोन आला: परदेशात 'जीन आणि स्टेम सेल'चं इंजेक्शन, खर्च १८ लाख. त्यासाठी अर्धा एकर विकावा लागेल. ताई विचारतात: थांबावं का? आणि हे आमच्या रक्तातच असेल तर आम्हा भावंडांचं काय?

ताई,

रिपोर्टातले शब्द जसेच्या तसे लिहून पाठवलेत, हे फार बरं केलंत. नाहीतर 'ब्लॉकेज आहे' एवढ्यावर कोणी काय सांगणार? तुमच्या पत्रातला सगळ्यात वजनदार शब्द 'लेफ्ट मेन' आहे, आणि घरातल्या चर्चेत नेमका तोच मागे पडलाय असं मला वाटतं.

हृदयाच्या डाव्या बाजूला रक्त नेणारी ही मुख्य धमनी. लांबी साधारण एक सेंटिमीटर, पुढे तिच्या दोन शाखा होतात. शरीरभर रक्त ढकलणाऱ्या डाव्या कप्प्याचा बहुतेक स्नायू हिच्यावर जगतो. दुसरीकडे कुठे अडलं तर हृदयाचा एक तुकडा धोक्यात येतो, इथे अडलं तर जवळपास सगळंच. अमेरिकेत १९७०च्या दशकात निवृत्त सैनिकांच्या रुग्णालयांमध्ये बायपास आणि त्या काळची औषधं यांची समोरासमोर तुलना झाली. त्यात लेफ्ट मेनच्या रुग्णांमध्ये ऑपरेशनवाले स्पष्टपणे जास्त जगले. औषधं तेव्हापासून खूप सुधारली, पण लेफ्ट मेन निम्म्याहून अधिक अरुंद असताना 'गोळ्यांवर काढा' असं जाणते हृदयरोगतज्ज्ञ आजही सहसा सांगत नाहीत.

तुमचा भाऊ म्हणतो तो अभ्यास खरा आहे. त्याचं नाव 'इस्केमिया'. २०१९ मध्ये त्याचे निकाल आले, पाच हजारांहून अधिक रुग्ण होते, भारतातलेही बरेच होते. हृदयविकार स्थिर असताना आधी औषधं दिली काय किंवा सुरुवातीलाच अँजिओप्लास्टी-बायपास केली काय, त्या काही वर्षांत मृत्यू आणि हार्ट अटॅकमध्ये ठळक फरक पडला नाही. महत्त्वाचा निकाल आहे, आणि त्यामुळे कित्येकांचे नको असलेले स्टेंट टळले असतील. पण लेफ्ट मेन ५० टक्क्यांच्या वर असलेले रुग्ण त्या अभ्यासात घेतलेच नव्हते. त्यांना थांबवून ठेवणं योग्य नाही, म्हणून. बहुतेकांचं सीटी स्कॅन करून असे रुग्ण आधीच बाजूला काढले गेले. म्हणजे भावाने वाचलं ते बरोबर, पण त्यात अण्णा बसत नाहीत.

आता जीन थेरपी. ती 'नवी आहे, येऊ घातली आहे' असं तुमच्या घरात धरून चाललेत. नव्या रक्तवाहिन्या उगवण्याची कल्पना तीस वर्षांची जुनी आहे, आणि ती या तीस वर्षांत बऱ्याचदा आपटली आहे.

व्हीईजीएफ नावाचं एक प्रथिन आहे, रक्तवाहिन्यांना फुटवे आणणारं. १९८९ मध्ये त्याची नीट ओळख पटली. बॉस्टनचे डॉक्टर जेफ्री आयझनर यांनी त्याचं जीन एका ७१ वर्षांच्या बाईंच्या पायाच्या धमनीत सोडलं. त्यांच्या पायाचा रक्तपुरवठा जवळजवळ बंद पडत आला होता. अँजिओग्राफीत बारीक नव्या वाहिन्या दिसल्या. पायाला सूज आली आणि कातडीवर कोळ्याच्या जाळ्यासारखे लाल ठिपकेही उमटले. १९९६ मध्ये हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं आणि एकच गाजावाजा झाला. पायानंतर हृदय ओघानेच आलं.

मग मोठ्या, काटेकोर चाचण्या झाल्या. त्यांपैकी 'व्हिवा' या चाचणीचे निकाल २००३ मध्ये आले. तिच्यात जीनऐवजी थेट ते प्रथिनच हृदयरुग्णांना टोचलं होतं. औषध घेतलेले लोक ट्रेडमिलवर आधीपेक्षा जास्त वेळ चालू लागले. आनंदच! पण ज्यांना औषध म्हणून नुसतं निष्क्रिय द्रावण दिलं होतं, तेही जवळपास तेवढेच जास्त चालले. एफजीएफ-४ नावाचं दुसरं जीन विषाणूच्या पाठीवर बसवून हृदयाच्या धमन्यांत सोडणाऱ्या दोन चाचण्या ५३२ रुग्णांनंतर अर्ध्यावरच थांबवल्या, कारण फायदा सिद्ध होण्याची चिन्हं नव्हती. पायांसाठीच्या एका जीनची ५२५ रुग्णांवरची चाचणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. पाय कापावे लागण्याचं प्रमाण कमी झालं नाही. जपानने २०१९ मध्ये पायांच्या अशाच एका उपचाराला सशर्त परवानगी दिली होती. पुढच्या पाहणीत आधीचा परिणाम पुन्हा दिसला नाही आणि २०२४ मध्ये कंपनीने कायमच्या परवानगीचा अर्ज मागे घेतला.

असं का होतं? कारखान्यात आयुष्य घालवलेल्या अण्णांना हे पटकन कळेल. मुख्य कालवाच गाळाने बुजलाय, आणि आपण शेतात शंभर नव्या पाटचाऱ्या खणतोय. व्हीईजीएफने येतात त्या बहुतांशी केशवाहिन्या: नाजूक, पाझरणाऱ्या, स्नायूचं अस्तर नसलेल्या. त्यात पाणी सोडणार कुठून? हृदयाला हवी असते भक्कम धमनी. ती तयार व्हायला एकट्या प्रथिनाचा हुकूम पुरत नाही. वाहत्या रक्ताचा भिंतीवरचा घर्षणदाब, आधीपासून असलेल्या बारीक जोडवाहिन्यांचं रुंद होणं, अशी लांबलचक साखळी लागते. शिवाय हे प्रथिन नको तिथे वाढलं तर अपाय करतं. मधुमेहात डोळ्याच्या पडद्याला सूज येते तेव्हा डोळ्यात जे इंजेक्शन देतात ना, ते याच व्हीईजीएफला अडवण्यासाठी असतं. अण्णांना मधुमेह आहे, हे इथे विसरून चालणार नाही.

संशोधन थांबलेलं नाही. फिनलंडमध्ये आणि अमेरिकेत सुधारित जीनांवर काम सुरूच आहे. पण त्या चाचण्या मुख्यतः ज्यांच्यावर बायपासही होऊ शकत नाही आणि अँजिओप्लास्टीही, अशा रुग्णांसाठी आहेत. अण्णांची बायपास होऊ शकते. म्हणजे तुम्ही दोन-तीन वर्षं थांबलात तरी त्या दारात अण्णांना प्रवेश नाही. प्रवेश मिळेल तो मधल्या काळात अटॅक येऊन हृदय निकामी झालं तर. असला प्रवेश कोणाला हवाय?

एजंटाबद्दल मी सौम्य शब्द वापरणार नाही. अर्धा एकर विकू नका. खऱ्या चाचणीत रुग्णाकडून प्रयोगाच्या औषधाचे लाखो रुपये मागत नाहीत. उलट, आपल्याकडच्या २०१९च्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई देण्याची जबाबदारी चाचणी करणाऱ्यांवर येते. भारतातली प्रत्येक औषध-चाचणी सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत असावी लागते आणि ती नोंदवही कोणालाही मोफत पाहता येते. एजंटाला तीन गोष्टी लेखी विचारा: नोंदणी क्रमांक काय, नैतिकता समिती कोणती, आणि नेमकं कोणतं जीन कशात घालून देणार? 'जीन आणि स्टेम सेल' असं एका दमात म्हणणाऱ्याला तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देता येणार नाही, याची मला जवळजवळ खात्री आहे. स्टेम सेलबाबत भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत: रक्ताच्या ठरावीक आजारांसाठीचं प्रत्यारोपण सोडलं तर स्टेम सेल फक्त मंजूर चाचणीतच द्यायच्या, विकायच्या नाहीत. म्हणून तर हे लोक परदेशाचं तिकीट काढायला लावतात.

त्यांनी पाठवलेल्या व्हिडिओतला माणूस 'मी आता दोन किलोमीटर चालतो' म्हणत असेल. तो खोटंच बोलतोय असंही नाही. 'व्हिवा'मधले निष्क्रिय द्रावण घेतलेले लोकही जास्त चालत होतेच की!

आता तुमच्या भावाच्या बाजूने बोलते, कारण त्याला सरसकट चुकीचं ठरवणं बरोबर होणार नाही. हृदयरोगात जीनांचं विज्ञान खरंच पुढे गेलंय, फक्त वेगळ्या अवयवात: यकृतात. रक्तातलं एलडीएल कोलेस्टेरॉल उचलून नेणारे ग्राहक (रिसेप्टर) यकृताच्या पेशींवर असतात. ते शोधणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५चं नोबेल मिळालं. पीसीएसके९ नावाचं जीन हे ग्राहक मोडीत काढायचं काम करतं, हे नंतर कळलं. २००६ मध्ये डॅलसच्या हॉब्ज आणि कोहेन यांनी दाखवलं की, ज्या कृष्णवर्णीय अमेरिकनांमध्ये हे जीन जन्मतःच निकामी होतं, त्यांचं एलडीएल २८ टक्क्यांनी कमी होतं आणि हृदयधमन्यांच्या विकाराचा धोका तब्बल ८८ टक्क्यांनी कमी. एलडीएल थोडंच कमी, पण जन्मापासून कमी, त्याचा हा परिणाम.

यातून औषधं आली. इन्क्लिसिरान हे त्यातलं एक. सुरुवातीच्या दोन डोसांनंतर दर सहा महिन्यांनी एक इंजेक्शन, आणि एलडीएल जवळपास निम्म्यावर. ते जीनला हात लावत नाही, जीनचा निरोप मध्येच पुसून टाकतं. भारतात ते मिळतं, महाग आहे. त्यापुढची पायरी म्हणजे यकृतातल्या पीसीएसके९ जीनमधलं एकच अक्षर कायमचं बदलणं. असा पहिला रुग्ण २०२२ मध्ये न्यूझीलंडमध्ये झाला. त्या पहिल्या औषधाची चाचणी २०२४ मध्ये थांबवली, कारण एका रुग्णाच्या रक्तात यकृताची एन्झाइम्स वाढली आणि प्लेटलेट्स घसरल्या. संशय जीन-बदलावर नव्हता, ते वाहून नेणाऱ्या चरबीच्या सूक्ष्म कणांवर होता. कण बदलून दुसरं औषध केलं, त्याचे निकाल एप्रिल २०२५ मध्ये आले: एकूण १४ रुग्ण, सगळ्यात वरच्या मात्रेच्या गटात एलडीएल सरासरी ५३ टक्क्यांनी कमी. एका इंजेक्शनात. मला स्वतःला हे थक्क करणारं वाटतं. पण त्या निकालात रुग्ण चौदाच होते, आणि कायमचा बदल म्हणजे नको असलेला परिणामही मागे घेता येत नाही, हे भावाने वाचताना ध्यानात ठेवावं. आणि हे सगळं उद्या सकाळी तुमच्या गावातल्या दवाखान्यात आलं, तरी अण्णांचं लेफ्ट मेन त्याने उघडणार नाही. कोलेस्टेरॉल उतरवल्याने पुढचा साठा थांबतो, भिंतीतला गोळा जरा स्थिरावतो, पण ६० टक्के अरुंद झालेली वाट मोकळी होत नाही.

राहिले अण्णा. त्यांची भीती हीच तुमची खरी अडचण आहे, असं मला वाटतं. जीन थेरपी हा त्या भीतीने शोधलेला सभ्य पर्याय आहे. 'मला भीती वाटते' म्हणण्यापेक्षा 'नवीन उपचार येतोय' म्हणणं घरातल्या पुरुषांना सोपं जातं. म्हणून अण्णांशी वाद घालू नका, त्यांना थोरल्या काकांबद्दल विचारा. काकांचं ऑपरेशन अटॅक आल्यावर घाईत झालं होतं का? किडनी, फुप्फुसं कशी होती? तंबाखू? पंचवीस वर्षांपूर्वीची ती परिस्थिती आणि अण्णांची आजची, यात फार फरक असू शकतो. ठरवून केलेल्या बायपासमध्ये, हृदयाचं पंपिंग बरं असताना, चांगल्या केंद्रांत जिवाचा धोका साधारण शंभरात एक-दोन असतो. अण्णांचा नेमका आकडा त्यांच्या सर्जननी काढून द्यावा, तसं काढण्याची पद्धत आहे. तुम्ही मागा.

आणि एक गोष्ट अण्णांना जरूर सांगा, कारण ती मला स्वतःला फार आवडते. बायपासमध्ये छातीच्या आतल्या भिंतीवरून जाणारी एक धमनी खाली वळवून हृदयावर जोडतात. सर्जन तिला 'लिमा' म्हणतात. पायातून काढलेली शीर काही वर्षांत बुजू शकते, पण ही धमनी दहा वर्षांनंतरही साधारण दहातल्या नऊ जणांत उघडी असते. कारण तिच्या आतलं अस्तर नायट्रिक ऑक्साइड भरपूर सोडतं, त्यामुळे ती सैल राहते आणि तिच्यात चरबी सहसा साठत नाही. हा वायू शरीरात असं काम करतो, या शोधाला १९९८चं नोबेल मिळालं. रक्तवाहिन्यांचं जे आधुनिक विज्ञान तुमचा भाऊ दोन वर्षांनी येईल म्हणतोय, त्यातलं सगळ्यात उपयोगी तंत्र अण्णा स्वतःच्या छातीत घेऊन हिंडतायत.

दुसरं मत घ्यायचं असेल तर खुशाल घ्या, पण आठवड्याभरात. त्यासाठी नुसता कागद नको, अँजिओग्राफीची सीडी सोबत न्या. फाइलच्या मागच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात असते, आणि बऱ्याच घरांत ती कोणी उघडूनही पाहिलेली नसते. विचारायचं ते असं: लेफ्ट मेनला स्टेंट घालणं अण्णांच्या बाबतीत शक्य आहे का? काहींमध्ये ते योग्य ठरतं. पण मधुमेह आणि तिन्ही धमन्यांत रोग असेल तर बायपासचं पारडं जड असतं, हे २०१२च्या 'फ्रीडम' चाचणीत दिसलं आहे. त्यामुळे उत्तर बहुधा तेच येईल, पण ते अण्णांच्या समोर, अण्णांना उद्देशून दिलं जाऊ द्या. तुम्ही आणि भाऊ केबिनमध्ये आणि अण्णा बाहेर बाकावर, असं करू नका.

पैशाचं म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बायपास बसते, आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. अंगीकृत रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं. रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी तिथे जा, भरती झाल्यावर नको. मंजुरी आधी लागते.

तारीख मिळेपर्यंतचे दिवस महत्त्वाचे आहेत. अण्णांची तंबाखू-मिशरी असेल तर आजपासून बंद. तीन रंगीत गोळ्या वर उचलायचं श्वासाचं यंत्र आत्ताच आणा आणि सराव सुरू करा, ऑपरेशननंतर तेच फुप्फुसं मोकळी ठेवतं. रक्त पातळ करणारी गोळी मनाने बंद करू नका आणि मनाने चालूही ठेवू नका. कोणती, किती दिवस आधी थांबवायची ते सर्जन सांगतील. आणि बसल्याजागी छातीत दुखलं, घाम फुटला, जिभेखालच्या गोळीने पाच मिनिटांत उतार पडला नाही, तर भावाच्या फोनची वाट न बघता १०८.

शेवटी तुमचा स्वतःचा प्रश्न, जो तुम्ही पत्रात अगदी तळाला, संकोचाने लिहिलाय. खरं तर जीनांचा विचार या घरात तुम्हा दोघांसाठी व्हायला हवा. आजोबा पन्नाशीत, काका, अण्णा: ही साखळी दुर्लक्ष करण्यासारखी नाही. दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला हार्ट अटॅक येण्याचं मधलं वय ५३ आहे, इतर देशांतल्यांपेक्षा जवळपास सहा वर्षं आधी. तुम्ही ३७, भाऊ त्याहून लहान. म्हणजे काही करण्यासारखा काळ हाताशी आहे. हजारो रुपयांच्या जीन-पॅनेलची सध्या गरज नाही. लिपिड प्रोफाइल, तीन महिन्यांची साखर, रक्तदाब, आणि आयुष्यात एकदा करायची लायपोप्रोटीन-ए ही तपासणी. ही शेवटची नेहमीच्या पॅकेजात नसते, लॅबवाल्याला नाव घेऊन सांगावी लागते. तिचं प्रमाण जवळजवळ पूर्णपणे वारशाने ठरतं आणि आपल्या लोकांत ते बऱ्याच जणांत वाढलेलं असतं. एलडीएल १९० च्या वर आलं तर डॉक्टरांना विचारा की हा वाढीव कोलेस्टेरॉलचा कौटुंबिक प्रकार असू शकतो का. साधारण अडीचशे माणसांत एकाला तो असतो, बहुतेकांना माहीत नसतं. तसं निघालं तर तुमच्या मुलांचीही तपासणी करायची, आणि स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी, सुरू करायला चाळिशीची वाट बघायची नाही. रोजचे काही रुपयेच लागतात.

भावाला हे काम द्या. त्याला वाचायची आवड आहे, आकडे कळतात, आणि अण्णांसाठी काहीतरी करायचंय. अण्णांचे स्टॅटिन सुरू होण्याआधीचे जुने रिपोर्ट शोधून त्यातलं एलडीएल काढायला सांगा, कारण वारसा त्या आकड्यात दिसतो, आजच्या नाही. आणि शनिवारी गावी येण्याआधी त्याने पुण्यात सकाळी उपाशीपोटी स्वतःचं रक्त देऊन यावं.